चार बोटं अलीकडे

आमच्या वॉर्डात जेवणाच्या वेळी डॉक्टरांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, असा नियम आहे. बाहेरच्या माणसानं पहिल्यांदा बघितलं तर त्याला आमचा रागच येतो. येणारच. पंगत मांडलेली, ताटात आमटी-भाकरी, अर्ध्या अंगावरून वारं गेलेली माणसं एकेका घासाशी झटापट करताहेत, आमटी सदऱ्यावर ओघळतेय, आणि मागे पांढऱ्या कोटातली तरणीताठी पोरं-पोरी शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी! "अगं बाई, हात मोडलेत काय तुझे? भरव की त्या म्हाताऱ्याला!" असं एका आजीनं मला खिडकीतून सुनावलं होतं. पंगतीच्या वेळी नातेवाइकांना आत घेत नाहीत ते ह्याच कारणासाठी.

नियम आरवाडे मॅडमचा. डॉ. कुमुदिनी आरवाडे, सांगलीतल्या आमच्या पुनर्वसन रुग्णालयाच्या विभागप्रमुख. एकट्या राहणाऱ्या, ताठ मानेच्या, केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. त्या अंबाड्यातली एक पिन कधी ढळलेली कुणी पाहिली नव्हती. नव्या बॅचला त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "मेंदूचा जो तुकडा रक्ताविना मेला, तो गेला. त्याच्या नावानं रडू नका. शेजारचा तुकडा त्याचं काम शिकू शकतो. पण शिकतो कसा? करून, चुकून, परत करून. तुम्ही रुग्णाचा हात उचलून दिलात की मेंदूला खबर जाते, काम झालं. मग तो कशाला शिकेल? आणि ही शिकायची उमेद पहिल्या काही महिन्यांत असते, पुढं ओसरते. तुमची दया त्या महिन्यांवर डल्ला मारते."

मी ऋतुजा खोत, तिथली शेवटच्या वर्षाची निवासी डॉक्टर. एमबीबीएसनंतर मी ही शाखा घेतली, तेव्हा कवठ्याच्या माझ्या आत्यानं विचारलं होतं, "एवढं शिकून मालिश करणार व्हय गं?" आत्याला काय सांगणार, कप्पाळ! पण मला हेच हवं होतं. अर्धांग झालेल्या माणसाचा हात हातात घेऊन त्याला परत कामाला लावायचं. दुसरं काही मला कधी सुचलंच नाही.

घोडं अडलं ते 'पारख'पाशी.

पारख म्हणजे एक यंत्रणा. रुग्णाच्या दंडापासून मनगटापर्यंत एक पातळ बाही चढवायची. स्नायू कामाला लागले की त्यांच्यात विजेची बारीक कुजबूज होते, ती ही बाही ऐकते. डॉक्टरनं घालायचा एक हातमोजा, तो डॉक्टरच्या हाताचा दाब मोजतो. दोन्हींचं गणित करून समोरच्या पडद्यावर एक पट्टी उमटते. हिरवा रंग रुग्णाच्या जोराचा, लाल रंग डॉक्टरच्या मदतीचा. हात वर गेला, तर त्यात कुणाचा वाटा किती, हे पहिल्यांदाच डोळ्यांना दिसायला लागलं. त्याआधी सगळं अंदाजपंचेच होतं. मॅडमनीच हट्ट धरून पारख आमच्याकडे आणली, आणि पहिल्या वर्षी तिचं कौतुक करताना त्या थकायच्या नाहीत.

मग पारखवरून निवासी डॉक्टरांची तयारीही मोजायला सुरुवात झाली. पट्टीत लाल रंग जितका कमी, तितका तुमचा आकडा वर. आकड्यावरून पुढची वाट ठरायची. मुलांचा विभाग, मणक्याचा विभाग, मेंदूचा विभाग, कोण कुठं ते पारख सुचवायची. माझ्या बॅचचा वेदांत नाईकनवरे नेहमी सगळ्यांत वर. आणि सगळ्यांत खाली कोण? अर्थात मी. माझा हात रुग्णाच्या कोपराखालून निघायचाच नाही. 'रुग्णाला हात न लावता करायची कामं सुचवत आहोत', असं माझ्या नावापुढं पडद्यावर यायचं. वाचून अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुण्यात चाकाच्या खुर्च्या बनवणारी एक कंपनी होती. त्यांना आमच्यासारखे डॉक्टर हवेच असायचे. तिकडं जाणाऱ्याला शेवटची परीक्षा, रुग्णाचा हात धरून पारखवर द्यायची, तीही माफ होती.

"अगं, शनिवार-रविवार सुट्टी!" आई फोनवर म्हणाली. "यंत्रच सांगतंय तर ऐक की. यंत्राचं काय तुझ्याशी वैर आहे?"

"बघते," म्हणाले. आईला 'बघते' म्हणजे काय ते कळतं. तिनं फोन ठेवला.

*

वर्षातून एकदा आम्ही घरी गेलेल्या जुन्या रुग्णांना जेवायला बोलावतो. ह्याला आम्ही माहेरची पंगत म्हणतो. त्या दिवशी गोडाचं असतं, डॉक्टर वाढतात, आणि वाढून झालं की नेहमीप्रमाणे हात मागे.

त्या वर्षीच्या पंगतीत पुरणपोळी होती. गप्पा चालल्या होत्या. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. एकाएकी हळूच म्हणाल्या, "ऋतुजा, पंगतीकडं बघ. काय दिसतंय?"

"जेवताहेत, मॅडम."

"डोळे उघडून बघ."

बघितलं. सगळे जण मान खाली घालत होते. घास उचलायचा, हात वर यायचा, आणि तोंडाच्या अलीकडे चार बोटांवर थांबायचा. तिथून पुढं हात जात नव्हता, तोंड खाली येत होतं. एकाचं असतं तर सवय म्हटली असती. पण कुपवाडचा सुतार, तासगावचे मास्तर, मिरजेची भाजीवाली, एकमेकांना आयुष्यात न भेटलेली माणसं, सगळ्यांचा हात त्याच उंचीवर अडलेला. कुणीतरी हवेत दोरी बांधून ठेवल्यासारखा.

"देवाला नमस्कार केल्यासारखे जेवताहेत," मी पुटपुटले.

"हे सगळे पारख आल्यानंतरचे," मॅडम म्हणाल्या. "आणि सगळ्यांचा निकाल उत्तम होता घरी जाताना."

एकच माणूस मान वाकवत नव्हता. ऐनापुरे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. पण ते मुळी जेवतच नव्हते! घास हातात धरून नुसते इकडंतिकडं बघत बसलेले. ते माझे रुग्ण होते. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं, काका? आवडलं नाही का?"

"तसं नव्हं, डॉक्टरबाई," ते ओशाळून म्हणाले. "घरी कारभारीण कोपराला हात लावती. मग जातंय वर."

मी एक बोट त्यांच्या कोपराखाली टेकवलं. नुसतं टेकवलं हं, उचललं नाही. हात सरळ तोंडापर्यंत गेला आणि घास आत. मान ताठ. काकांना कोण आनंद! मला मात्र भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या सगळ्या रुग्णांच्या बायका, नवरे, सुना आयुष्यभर कोपराला बोट लावून बसणार होत्या. पारख माझ्याबद्दल खोटं बोलत नव्हती.

"म्हणजे त्यांच्यात आमच्या बॅचची चूक उतरलीय आणि ह्यांच्यात माझी," मी म्हणाले.

 मॅडम अजून पंगतीकडंच बघत होत्या. "पण चार बोटंच का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तिथं असं काय आहे?"

*

हे कोडं सोडवायला मॅडमना सवड मिळाली नाही. पुढच्याच आठवड्यात सकाळच्या राउंडला त्या वाक्य अर्धवट सोडून भिंतीला टेकल्या आणि घसरत खाली बसल्या. उजव्या अंगावरून वारं गेलं. उपचार लगेच मिळाले, जीव वाचला, पाय बराचसा सावरला, बोलणं थोडं जड झालं. उजवा हात मात्र मांडीवर मेलेल्या माशासारखा पडून. काही दिवसांनी त्या आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या, खिडकीजवळच्या खाटेवर.

आम्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं. ज्यांनी शिकवलं त्यांच्यावरच आता शिकलेलं वापरायचं! मॅडमच्या घरी दुसरं कुणी नाही. कोपराला बोट लावायला माणूस नाही, आणि मान वाकवून जेवणं त्यांना जन्मात जमलं नसतं. हात पुरता परत आला तरच त्यांचा निभाव होता, आणि त्यासाठी हाताशी होते फक्त ते पहिले काही महिने.

वेदांतला सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तोही खाटेजवळ उभा होता, बाही हातात घेऊन. मॅडमनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि जड जिभेनं म्हणाल्या, "ऋतुजा."

मला वाटलं, पाणी हवं असेल.

"हात... ऋतुजा बघेल."

"मॅडम, नको!" माझ्या तोंडून निघून गेलं. "माझा आकडा तुम्हाला माहितेय. तुमचे हे महिने वाया जातील माझ्या हातात. ऐनापुरे काकांचं बघितलंत ना? तुम्ही वेदांतला घ्या, पाया पडते तुमच्या."

 मॅडमनी डोळे मिटले, शब्द गोळा केले. वेळ लागला, पण वाक्य पुरं केलं. "वेदांतचा हात वेळेआधी जातो. तुझा वेळ झाली तरी राहतो. राहिलेल्या हाताला जा म्हणता येतं. गेलेल्याला कोण बोलवणार?"

वेदांतनं बाही माझ्या हातात दिली.

शेवंतामावशी, आमच्या आयाबाई, मागून मॅडमचे केस विंचरत होत्या. त्यांनी दोन तेलकट वेण्या घालून वर लाल रिबिनी बांधल्या. "बाई, कशा पोरीगत दिसताय," मावशी कौतुकानं म्हणाल्या. मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, की हसावं का रडावं मला कळेना.

*

आमची शिकवणी सुरू झाली. कोण कुणाला शिकवत होतं ते सांगणं कठीण. बाही आणि हातमोजा चढवून मी कोपराखाली हात धरायची, मॅडम भाकरीचा तुकडा उचलायच्या, आणि आतून जे कळेल ते मला सांगायच्या. जगात कुठल्या डॉक्टरला त्याच्या हातातला हात असा धडे देत असेल!

"जड झालीस." "आता ढकलतेस." "आता माझंच आहे, तू उगीच." "काढ. काढ म्हटलं ना? गाढव!"

जीभ सुधारत चालली होती, हे त्या शिव्यांवरून कळायचं. मी मान डोलवायची आणि परत चुकायची. सुरुवातीला त्यांनी 'काढ' म्हटल्यावरही माझी बोटं तशीच. कोपर खाली गेलं की माझा हात आपोआप पुढं. एकदा मॅडमचा घास सांडला, आमटी पातळावर गेली, आणि मी रडायला लागले.

"पातळ माझं, हात माझा, आणि रडतेस तू?" मॅडम म्हणाल्या. "दुसरा तुकडा मोड."

हळूहळू हात वर यायला लागला. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. आणि एका दुपारी तोंडापासून चार बोटांवर येऊन अडला. तिथं तो थरथरायला लागला. बारीक नव्हे, चांगली ताटातली वाटी वाजेल अशी थरथर. पडद्यावरची हिरवी पट्टी एकदम लालभडक झाली. मी घाबरून हात काढला. मॅडमचा हात खाली आला.

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. पडद्याकडं टक लावून बघत होत्या. "तू ढकललंस?"

"नाही, मॅडम. शपथ. मी तर सैल धरला होता."

"मला माहीत आहे, मला आतून कळत होतं. मग लाल कुणाचं?"

त्यांचे डोळे असे चमकले, की त्या क्षणी त्या रुग्ण नव्हत्याच. "जा. शोधून काढ."

मी वेदांतला गाठलं. तो आधीच दुखावलेला होता, पण कोडं ऐकल्यावर त्यालाही राहवेना. निवासी डॉक्टरांच्या खोलीत मी स्वतःच्या धडधाकट हातावर बाही चढवली आणि पाण्यानं भरलेली कळशी हात लांब करून धरून उभी राहिले. वेदांतनं हातमोजा घालून माझ्या कोपराला नुसता स्पर्श केला. सुरुवातीला पट्टी हिरवीगार. मग हात भरून आला, दुखायला लागला, आणि अखेर थरथरला.

पट्टी लाल झाली.

"मी काही केलं नाही!" वेदांत ओरडला.

"तूच तर! पारख म्हणतेय!" मी हसायला लागले, आणि कळशी त्याच्या बुटांवर उपडी झाली.

मग आम्ही तासभर ते गणित उलगडत बसलो. हात थरथरतो तेव्हा पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी ओढाओढ करतात. मेंदूचा नवा तुकडा कामाला लागला की नेमकं हेच होतं. कुणाला कधी आवरायचं ते त्याला अजून ठाऊक नसतं, तो सगळ्यांनाच हुकूम सोडतो. त्या गलक्यात बाहीला एकेकाचा आवाज ओळखू येत नाही. आणि जो जोर कुणाचा ते कळत नाही, तो पारख डॉक्टरच्या नावावर टाकून मोकळी होते. बनवणाऱ्यांनी विचार केला असेल, शंका आली तर डॉक्टरनं जास्त मदत केली असं धरावं. दिसायला किती शहाणपणाचं!

वेदांत खुर्चीत बसला. ओल्या बुटांचे बंद सोडायला लागला. "ऋतुजा, मला हे माहीत होतं," तो म्हणाला. "कारण माहीत नव्हतं. पण थरथर सुरू झाली की आकडा पडतो, हे माझ्या हाताला कधीच कळलंय. म्हणून मी ती येण्याच्या आधी हात काढून घेतो. मुद्दाम नाही गं. आपोआप होतं. आपल्या बॅचमधले सगळे तेच करतात."

"आणि रुग्णही तिथंच थांबायला शिकतो."

"तोंडापासून चार बोटांवर. तिथंच हात सगळ्यांत थकतो."

 आम्ही रुग्णांना शिकवत होतो, पारख आम्हाला शिकवत होती, आणि थरथरीच्या पलीकडं कुणीच कुणाला नेत नव्हतं. खरं शिकणं तर त्या थरथरीतच होतं.

मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. "वा!" म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "मीच आणलं हे बाळ घरात. आणि आकडे बघून पेढे वाटले."

पारख बनवणाऱ्या कंपनीला आम्ही सगळं कळवलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. पुढच्या आवृत्तीत विचार करू, तोवर आहे तीच चालू द्यावी. विद्यापीठाचंही म्हणणं तेच. ह्या वर्षीची परीक्षा ह्या वर्षीच्या पारखवर.

*

परीक्षेला रुग्ण म्हणून बसायची मॅडमनी स्वतःहून तयारी दाखवली. माझ्या नावावर त्याच आल्या.

आदल्या दिवशी आईचा फोन. "पुण्याच्या कंपनीला हो म्हण. परीक्षासुद्धा नको. उगीच नापास होऊन घरी येशील."

"आई, मी परीक्षा देणार आहे."

"अगं, पण पास होशील का?"

ह्याचं गंमतशीर उत्तर असं होतं, की मी पास होऊ शकत होते. मॅडमच्या शिव्या खाऊन खाऊन माझा हात आता सुटायला शिकला होता. वेदांतनं मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, "थरथरीच्या अगदी अलीकडे हात काढ. एक दिवस फक्त. पास हो, मेंदूचा विभाग घे, मग आयुष्यभर हवं ते कर." सल्ला वाईट नव्हता. मी रात्री तोच घोकत झोपले.

परीक्षक नागपूरहून आलेले, चष्म्यावरून बघणारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी मॅडमना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "क्षमा करा, नियम सांगायलाच हवा. रुग्णानं परीक्षार्थीला सूचना द्यायची नाही."

म्हणजे 'काढ' म्हणणारं कुणी नाही. मॅडमनी मान हलवली आणि ओठ मिटून घेतले. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तरीही काय रुबाब!

समोर ताट. मॅडमनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला. मी कोपराखाली हात धरला. हात निघाला. छाती. गळा. पट्टी हिरवी.  आणि मग माझ्या बोटांना ती जाणवली. थरथर अजून आली नव्हती, पण दारात उभी होती. आता. आता हात काढला की पास.

मी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. त्या पडद्याकडं बघत नव्हत्या, माझ्याकडंही नाही. घासाकडं बघत होत्या. आणि त्यांची मान, जन्मात न वाकलेली ती मान, अगदी जराशी पुढं यायला लागली होती. शरीर हरायच्या बेतात होतं. हे आज इथं थांबलं तर उद्याही इथंच थांबणार, हे मला लख्ख कळलं. मॅडमच्या महिन्यांतला प्रत्येक दिवस मोलाचा होता. एक दिवस फक्त, म्हणे! कुणाचा दिवस?

मी हात तिथंच ठेवला.

थरथर आली. पट्टी लालबुंद झाली, यंत्रानं टीं-टीं सुरू केलं, परीक्षकांनी चष्मा सारखा केला. मॅडमचा हात वादळातल्या फांदीसारखा हलत होता. मला मदत करायची होती, देवाशपथ सांगते, माझी बोटं शिवशिवत होती. मी ढकललं नाही. मी हात काढलाही नाही. त्या गलक्यात कान लावून बसल्यासारखी बसले. आणि मग कुठूनतरी, अगदी आतून, त्यांचा स्वतःचा एक धागा वर खेचला गेला. बारीक, पण त्यांचाच. ह्या वेळी 'काढ' कुणी म्हटलं नाही. माझा हात माझा मला सुटला आणि माझ्या पाठीमागे गेला.

मॅडमचा हात हवेत एकटा उरला. खाली बुडाला, आणि परत वर आला. चार बोटं. तीन. हनुवटीला आमटी लागली. घास तोंडात गेला.

मान ताठ होती.

मॅडम सावकाश चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चावणं थांबलं नाही. परीक्षक कितीतरी वेळ पडद्याकडं न बघता त्यांच्याकडंच बघत होते. मग खाकरून म्हणाले, "मी जे पाहिलं ते पाहिलं, डॉक्टर खोत. वर कळवेनही. पण आकडा म्हणजे आकडा. मला तो बदलता येत नाही."

"कळतंय सर," मी म्हणाले. मला ह्या वेळी रडू आलं नाही, ह्याचंच नवल वाटलं.

वेदांत पास झाला, पहिलाच आला. संध्याकाळी पेढे घेऊन आला आणि पुडा न उघडता कट्ट्यावर बसला. "माझ्या रुग्णानं मान वाकवली," तो म्हणाला. "आज मला दिसलं, गं. पण हात आधीच निघून गेला होता." मी त्याच्या पाठीवर थोपटलं. पेढे आम्ही शेवंतामावशींना दिले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खाटेजवळ गेले. मावशी कंगवा आणि रिबिनी घेऊन तयारीतच होत्या.

"नापास?" मॅडमनी विचारलं.

"नापास. सहा महिने परत काढायचे, ह्याच वॉर्डात. मग पुन्हा परीक्षा."

"आई काय म्हणाली?"

"फोन आपटला. नंतर परत केला आणि विचारलं, जेवलीस का."

मॅडम हसल्या. उजवा ओठ अजून जरा मागं राहत होता, पण हसू पुरतं होतं. मग त्यांनी मावशींच्या हातातून डाव्या हातानं कंगवा काढून घेतला. "शेवंता, राग मानू नकोस. पण ह्या रिबिनी आता तुझ्या नातीला दे." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सहा महिने मिळाले, ते फार बरं झालं. घासापुरता हात आला म्हणून मी काय घरी जाणार आहे? मला माझा अंबाडा घालायचाय. माझ्या हातानं. त्याला हात डोक्याच्या मागं जावा लागतो, आणि वर थांबावाही लागतो. आहे का तयारी तुझी?"

"माहीत नाही, मॅडम."

"हं. हे उत्तर पारखला कधी देता आलं नाही."

मी त्यांचे केस मोकळे केले. पिना उशाशी काढून ठेवल्या. बाही आणि हातमोजा टेबलावर होते, तेही चढवले. लाल तर लाल, पण काय होतं ते बघायला तरी हवं. मॅडमनी उजवा हात उचलायला सुरुवात केली. छाती, गळा, हनुवटी, गाल. कानापाशी आल्यावर तो मंदावला.

मी कोपराखाली हात धरला आणि थरथर सुरू व्हायची वाट बघत उभी राहिले.